ड्राफ्टचा ड्राउट होऊ नये म्हणून: बिअरची नावं म्हणायची कशी

जालना रोडला माझ्या एका मित्राची परमिट रूम आहे. त्यानं नळाच्या बिअरचं मशीन बसवलं आणि पेंटरला बोलावून दारावर पाटी रंगवून घेतली: ‘येथे ड्राउट बिअर मिळेल’. पहिलं गिऱ्हाईक पाटी वाचून हसतच आत आलं. “मालक, आपल्याकडं ड्राउट फुकट मिळतो की! तुम्ही विकायलाव का?” मित्राला काही कळेना. मशीनसोबतच्या कागदावर जे छापलं होतं, तेच त्यानं वाचून पेंटरला सांगितलं होतं.

चूक एका अक्षराची. पिंपातून ओढून ग्लासात घेतलेल्या बिअरसाठी इंग्रजीत जो शब्द आहे, त्याचं स्पेलिंग डी-आर-ए-यू-जी-एच-टी आणि उच्चार ड्राफ्ट. तिसऱ्या जागी ‘ए’ऐवजी ‘ओ’ आला की उच्चार ड्राउट आणि अर्थ दुष्काळ. छत्रपती संभाजीनगरात हा घोटाळा जरा जास्तच झोंबतो. वाळूजला बिअरचे मोठे कारखाने आहेत. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं, तेव्हा मद्याच्या कारखान्यांच्या पाण्याचं प्रकरण औरंगाबाद खंडपीठात गेलं आणि खंडपीठानं त्या पाण्यात कपात करायला लावली. ड्राफ्ट आणि ड्राउट त्या दिवसांत एकाच बातमीत असायचे.

पाटीच्या प्रकरणानंतर मित्रानं मेन्यूकार्ड माझ्या गळ्यात घातलं. “तू मराठीत लिहून दे. पोरांना वाचता आलं पाहिजे.” पोरं म्हणजे वेटर, एक कन्नडचा आणि दोन भोकरदनचे. त्या कामात जे शिकलो ते इथे ओळीनं मांडतो. बिअर प्यायची की नाही हे ज्याचं त्यानं ठरवावं. नावं मात्र न पिणाऱ्या वेटरलाही घ्यावी लागतात.

पहिली पायरी: नाव कोणाच्या घरचं, ते बघा

रोमन अक्षर दिसलं की आपण ते इंग्रजी समजून वाचतो. सगळी गडबड इथून सुरू होते. बिअरची कितीतरी नावं जर्मन आहेत, काही डच, काही फ्रेंच, काही चेक. इंग्रजीचं कुलूप उघडायची किल्ली तिथे चालत नाही.

भाषा ओळखायच्या खुणा सोप्या आहेत. स्वराच्या डोक्यावर दोन टिंबं दिसली की बहुतेक वेळा जर्मन. ‘ओ-ई’ जोडीनं आले तर डच असण्याचा संभव मोठा. शेवटी ‘ओ-आय-एस’ असेल तर फ्रेंच. बाटलीच्या मागच्या पत्त्यावर मात्र जाऊ नका. परदेशी नावाच्या पुष्कळ बिअर आता भारतातच बनतात आणि पत्ता कुठल्यातरी एमआयडीसीचा निघतो.

अजून एक खूण मला फार आवडते. जर्मन नावाच्या शेवटचा ‘अर’ म्हणजे आपला ‘कर’. नांदेडचा तो नांदेडकर, तसा एर्डिंग गावचा तो एर्डिंगर. पिल्सनर म्हणजे पिल्सनकर. चेक देशातल्या प्ल्झेन्य गावाला जर्मन लोक पिल्सन म्हणत. तिथे १८४२ साली योझेफ ग्रोल या बव्हेरियातून, म्हणजे दक्षिण जर्मनीतून, आलेल्या कारागिरानं सोनेरी, नितळ बिअर काढली आणि गावाचं नाव जगभर गेलं. आज आपल्याकडे मिळणारी बहुतेक फिकट पिवळी बिअर तिच्याच वंशावळीतली. म्हणताना ‘पिल्सनर’ किंवा ‘पिल्झनर’, दोन्ही चालतं. ‘पिलसेनेर’ नको. मूळ कारखान्याच्या बाटलीवर पुढे ‘ऊर्क्वेल’ असा शब्द असतो, म्हणजे मूळ झरा. तो ‘अर्क्वेल’ नाही. जर्मनमध्ये ‘क्यू-यू’चा उच्चार ‘क्व’ होतो आणि त्यातला व आपल्या वाटेतल्या ‘व’सारखा, दात ओठाला टेकवून.

दुसरी पायरी: शेवटचा ‘ई’ गिळू नका

काळे, माने, मोरे ही आडनावं इंग्रजीत लिहून बघा आणि एखाद्या अमेरिकन माणसाला वाचायला द्या. तो केल, मेन, मोअर म्हणेल. इंग्रजीत शब्दाच्या शेवटचा ‘ई’ मुका असतो, त्याला बिचाऱ्याला काय माहीत. आपण जर्मन नावांचं अगदी हेच करतो.

‘जी-ओ-एस-ई’ असं स्पेलिंग दिसलं की आपण ‘गोस’ म्हणतो. ते ‘गोझे’ आहे, शेवटचा ‘ए’ हलका. गोस्लार गावाजवळून वाहणाऱ्या गोझे नदीवरून ते नाव पडलं. पुढे ही बिअर लाइप्झिग शहरानं उचलून धरली. हिच्यात मीठ आणि धने घालतात. मित्राला हे सांगितलं तर तो म्हणाला, “मग ती बिअर कशी, मठ्ठा झाला की!” आंबटपणाही असतो, म्हणजे तो फार चुकला नव्हता.

‘हेफे’ म्हणजे यीस्ट. तिथेही शेवटचा ‘ए’ बोलतो. ‘बर्लिनर वाइसे’मधलाही बोलतो.

उलटी चूक एका इंग्रजी शब्दाची. ‘ए-एल-ई’ हा बिअरच्या एका प्रकाराचा खरोखर इंग्रजीच शब्द आहे आणि त्याचा ‘ई’ मुकाच आहे. उच्चार ‘एल’. आपण तेवढ्याच ठिकाणी मराठी बाणा दाखवून ‘आले’ वाचतो. त्यामुळे ‘जिंजर आले’ हा अद्रकाचा अद्रक तयार होतो. ‘पेल एल’चं ‘पाले आले’ होतं ते ऐकून तर पालेभाजीवाला आल्यासारखं वाटतं.

तिसरी पायरी: ‘वाचन’ म्हणा

इथे जरा थांबून बसा, कारण मराठी माणसाला या पायरीवर फुकटचा फायदा आहे.

जर्मनमध्ये ‘झेड’चा उच्चार झ नसतो. जीभ दातांमागे टेकवून ‘त्स’ असा काढायचा असतो. इंग्रज त्याला अडखळतो, हिंदीवालाही अडखळतो. आपल्याकडे तो आवाज लहानपणापासून आहे, फक्त त्याला वेगळं अक्षर नाही. ‘चहा’मधला च आणि ‘चोर’मधला च सावकाश म्हणून बघा. चहाच्या वेळी जीभ टाळूला लागते, चोराच्या वेळी दातांमागे. जर्मन ‘झेड’ म्हणजे हा चोरातला च. चूक, चमचा, चाक, वाचन, सगळ्यांत तोच.

आता गव्हाच्या बिअरचं नाव घ्या, ज्याच्यापुढे मेन्यूकार्ड धरलेले भले भले बोट ठेवून ‘हे एक द्या’ म्हणतात. हेफेवाइत्सेन. पहिला भाग हेफे. दुसऱ्या भागासाठी ‘वाचन’ म्हणा आणि मध्ये हलका ‘इ’ घाला: वाइचन. हेफे-वाइचन. झालं. कन्नडच्या पोराला हे दोन मिनिटांत जमलं. पुण्यातल्या एका ब्रूपबमध्ये, म्हणजे बिअर तिथेच करून विकणाऱ्या ठिकाणी, मी स्वतः मोठ्या रुबाबात ‘हेफवेझेन’ मागितली होती आणि वेटरनं अतिशय नम्रपणे ‘हेफेवाइत्सेन, सर?’ असं विचारून मला जागेवर आणलं होतं. तो मराठीच होता. पिंपरीचा असावा.

वाइचन जमलं की ‘मेर्त्सेन’ही जमलं, शेवटचा ‘चन’ तोच. मेर्त्स म्हणजे मार्च महिना. बव्हेरियात १५५३ पासून उन्हाळ्यात बिअर करायला मनाई होती. मग मार्चमध्ये जरा दणकट बिअर करून तळघरात ठेवायची आणि उन्हाळाभर पुरवायची. आपल्या उन्हाळ्यातल्या पापड-कुरडयांसारखा हिशेब, फक्त महिने उलटे.

याच भाषेचे आणखी चार नियम, भराभर. ‘डब्ल्यू’ म्हणजे व. ‘ई-आय’ म्हणजे आय, म्हणून ‘वाइस’, ‘वीस’ नव्हे. ‘आय-ई’ म्हणजे ई. शब्दाच्या सुरुवातीला ‘एस-टी’, ‘एस-पी’ आले की श्ट, श्प. म्युनिकच्या एका जुन्या कारखान्याचं नाव आपण ‘स्पेटन’ वाचतो, ते ‘श्पाटेन’ आहे. वाइएनश्टेफान या नावात ‘आय-ई’ सोडून हे सगळे नियम एकदम लागतात. १०४० सालापासूनची परंपरा सांगणारा तो कारखाना, आणि वर मधला ‘एच’ मुका. हे नाव जमलं की पुढे सगळं उतार.

आणि ‘बॉक’. हे म्हणायला सोपं आहे, पण त्याची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. उत्तर जर्मनीत आइनबेक नावाचं गाव आहे, तिथली दणकट बिअर प्रसिद्ध होती. म्युनिकच्या लोकांनी ती उचलली, पण त्यांच्या बव्हेरियन बोलीत आइनबेकचं ‘आइन बॉक’ झालं. जर्मनमध्ये ‘आइन बॉक’ म्हणजे एक बोकड. तेव्हापासून त्या बाटल्यांवर बोकडाचं चित्र येतं. म्हणजे एका अख्ख्या बिअर-प्रकाराचं नाव चुकीच्या उच्चारातून जन्मलं आणि त्याचा कोणाला कमीपणा वाटत नाही. बॉक आणि बोकड हे आवाजही किती जवळचे! भोकरदनच्या पोरांना हे नाव एकदा सांगितलं, परत विचारावं लागलं नाही.

चौथी पायरी: घशातला ख शेजाऱ्याकडून शिका

डच ‘जी’ आणि जर्मन ‘सी-एच’ हे घशातले आवाज आहेत. मराठी खटाऱ्यातला ख वेगळा. त्यात हवा अडते आणि सुटते. इथे ती घासत जाते, काटा अडकल्यावर घसा साफ करतो तशी.

हा आवाज शिकायला जर्मनीला जायची गरज नाही. सिटी चौकात जा. दखनी बोलणारा माणूस ‘ख़ैरियत’ म्हणतो, त्यातला ख़ तोच. दखनीत तर क़लमचाही ‘ख़लम’ होतो, म्हणजे सराव भरपूर ऐकायला मिळेल. बांबर्ग शहरात धुरावर वाळवलेल्या माल्टची, म्हणजे मोड आणलेल्या धान्याची, बिअर करतात, तिचं नाव राउख़बिअर. ‘राउख़’ म्हणजे धूर.

‘हूगार्डन’ ही बेल्जियमची गव्हाची बिअर आपल्याकडच्या मोठ्या दुकानांत दिसते. लोक ‘होएगार्डन’ म्हणतात. डचमध्ये ‘ओ-ई’ म्हणजे ऊ, म्हणून हू. आणि ‘जी’ घशातला, म्हणजे मूळ उच्चार ‘हूख़ार्देन’च्या जवळ जातो. हे एका गावाचं नाव आहे. तिथला गव्हाच्या बिअरचा धंदा पार बंद पडला होता. पिएर सेलिस नावाच्या दूधवाल्यानं तो १९६० च्या दशकात परत सुरू केला. काउंटरवर ‘हूगार्डन’ म्हटलं तरी पुरे. घसा खरवडून मूळ उच्चार केला तर समोरचा पाणी आणून देईल.

पाचवी पायरी: दोन टिंबांचे स्वर

हे आपल्याकडे खरोखरच नाहीत. ‘ओ’वर दोन टिंबं असतील तर ओठ ‘ओ’ म्हणायला गोल करा आणि ते न हलवता आतून ‘ए’ म्हणा. ‘यू’वर असतील तर ओठ ‘ऊ’चे आणि जीभ ‘ई’ची. आरशासमोर करा आणि दार लावून घ्या.

कोलोन शहराच्या बिअरचं नाव असंच आहे. देवनागरीत ‘क्योल्श’ लिहिलं तर जवळ जातं, साधं ‘कोल्श’ म्हटलं तरी वेटरला कळतं. १९८६ च्या करारानुसार हे नाव कोलोन आणि आसपासच्या कारखान्यांनीच वापरायचं असतं, आणि ती पितात २०० मिलिलिटरच्या उभट ग्लासातून. आपल्या कटिंगचा चुलत भाऊ समजा. आता सापळा बघा: ‘ग्रोल्श’ दिसायला हिची बहीण वाटते, पण ती डच आहे आणि डचमध्ये शेवटच्या ‘एस-सी-एच’चा नुसता ‘स’ होतो. तिच्या घरी ती ‘ख़्रोल्स’. म्हणून पहिली पायरी पहिली ठेवली.

सहावी पायरी: फ्रेंच नावं, शेपूट कापून

फ्रेंचमध्ये शेवटचं व्यंजन बहुधा मुकं आणि ‘ओ-आय’ म्हणजे वा. म्हणून ‘स्टेला आर्त्वा’. ‘आर्टॉइस’ म्हणणारे इतके आहेत की मी आता कान बंद करतो.

‘सेझों’ हा शब्द मात्र लक्षात ठेवा. त्यातला शेवट नाकातून, ‘ओं’ म्हणतो तसा. अर्थ हंगाम. बेल्जियमच्या फ्रेंच बोलणाऱ्या भागात शेतावर राबणाऱ्या हंगामी मजुरांसाठी ही बिअर करत, अशी तिची ओळख सांगतात. आपल्याकडे सुगीला आलेल्या माणसांना दुपारी ताक देतात, तसं.

सातवी पायरी: जी आपली वाटतात ती

सगळ्यात जास्त चुका साध्या शब्दांत होतात, कारण तिथे कोणी विचारतच नाही. ‘लेजर’ हे हिशेबाचं खातं, बिअर ती ‘लागर’. जर्मनमध्ये ‘लागर’ म्हणजे कोठार, थंडीत साठवून मुरवलेली म्हणून हे नाव. ‘गिनिस’, ‘गिनेस’ नाही. आर्थर गिनिसनं १७५९ साली डब्लिनची जागा ९००० वर्षांच्या भाडेपट्ट्यानं घेतली होती. आमच्या गावाकडचे सातबाऱ्याचे वाद आठवून मला त्या कागदाचा हेवा वाटतो. ‘पोर्टर’ म्हणजे हमालच, लंडनच्या हमालांची आवडती म्हणून. ‘माल्ट’ आणि ‘मॉल्ट’, दोन्ही चालवून घ्या.

‘पिंट’चं प्रकरण वेगळं. इंग्रजीत तो ‘पाइंट’, ब्रिटनमध्ये ५६८ मिलिलिटर. आपल्याकडे ‘पिंट’ म्हणजे ३३० ची छोटी बाटली. बिअर शॉपीत जाऊन ‘पाइंट’ मागितलीत तर उच्चार बरोबर ठरेल आणि हातात काय पडेल सांगता येत नाही. इथे पिंटच म्हणा.

‘आयपीए’ला ‘इपा’ म्हणू नका, तीन सुटी अक्षरं आहेत: इंडिया पेल एल. आपल्या देशाचं नाव असलेली बिअर, जी विलायतेहून जहाजानं इथल्या साहेबांसाठी यायची. गंमत म्हणजे उच्चार लिहून ठेवायची जी आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपी आहे, तिचंही इंग्रजी लघुरूप आयपीएच.

आठवी पायरी: देवनागरीत उतरवून ठेवा

मोबाइलवर नाव ऐका. कारखान्याची मूळ भाषेतली जाहिरात सापडली तर उत्तम, नाहीतर फोर्वोसारख्या साइटवर त्या देशातल्या माणसाचा आवाज मिळतो. इंग्रजी सल्लागाराचा व्हिडिओ शेवटी बघा, तोही आपल्यासारखाच परका. ऐकलं की लगेच देवनागरीत लिहा. आपली लिपी या कामाला रोमनपेक्षा फार बरी. लिहिताना तुकडे पाडा: हेफे, वाइ, त्सेन. तीनदा मोठ्यानं म्हणा, मग जोडून म्हणा. आमच्या पोरांनी भाजी निवडताना म्हटली, म्हणून पक्की झाली.

नववी पायरी: कुठे थांबायचं

नाव बरोबर यायला लागलं की दुसऱ्याचं दुरुस्त करायची खाज सुटते. ती दाबा.

काही नावं प्रवासात बदलली आणि बदललेलीच खरी झाली. अमेरिकन ‘बडवायझर’ला तिच्या घरी बडवायझरच म्हणतात. मूळ गावाच्या जर्मन नावानं ती ‘बूडवाइझर’ झाली असती, पण पतसंस्थांचा अनुभव घेतलेल्या आपल्या भागात बुडवणाऱ्याचं नाव कोण घेणार? थायलंडची ‘सिंघा’ तिथे नुसती ‘सिंग’ असते. शब्द आपलाच, सिंह. आपण तिला ‘सिंहा’ म्हणालो तर तिच्या पणजीचं नाव घेतल्यासारखं होईल, चूक म्हणवत नाही.

आणि इंग्रजांनी आपल्या नावांचं काय केलं ते आठवा. वेरूळचं एलोरा. नाशिकजवळच्या देवळालीला त्यांची लष्करी छावणी होती, मायदेशी जायच्या जहाजाची वाट बघत सोजिरांची डोकी फिरायची. देवळालीचं त्यांनी ‘डूलाली’ केलं, त्याला आपला ‘ताप’ जोडून ‘डूलाली टॅप’ केलं, आणि इंग्रजीत डूलाली म्हणजे वेडा असा शब्दच रूढ झाला. २००९ साली पुण्यात डूलाली नावाचीच मायक्रोब्रूअरी निघाली. आता तिथे जाऊन ‘देवळाली’ मागून बघा.

मेन्यूकार्ड छापून आलं. पेंटर परत आला, ड्राउटमधला ‘उट’ खरवडून ‘फ्ट’ करून गेला; ती दोन अक्षरं अजून बाकीच्यांपेक्षा उजळ दिसतात. कार्डातली एकच ओळ मित्रानं मला बदलू दिली नाही. “जिंजर आलेच राहू दे,” तो म्हणाला. “एल लिहिलं तर इथं कोणी मागवायचं नाही.”